पुण्य जमा होत नाही, तरी पाणी का द्यायचं?

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात, मराठी शेजारात राहणाऱ्या ख्रिस्ती घराला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमच्यात पुण्य असतं का हो?" विचारणाऱ्या काकूंच्या मनात काही वाकडं नसतं. यांच्याकडे एकादशी नाही, अधिकाचं वाण नाही, नर्मदा परिक्रमा नाही, मग ही माणसं चांगली वागतात ती कशाच्या आशेने, एवढंच त्यांना कळत नाही. आणि खरं सांगायचं तर दर रविवारी चर्चच्या बाकावर बसणाऱ्या आमच्यापैकी पुष्कळांनाही याचं उत्तर नीट देता येत नाही. "चांगलं केलं की स्वर्ग मिळतो," असं सांगून आम्ही वेळ मारून नेतो. उत्तर सुटसुटीत आहे, पण ख्रिस्ती शिकवणीच्या हिशेबाने ते चूक आहे.

इंदूरला उपासना बहुतेक हिंदीत चालते. घरी आल्यावर आम्ही मराठीत भांडतो आणि मराठीतच प्रार्थना करतो. त्यामुळे हा विषय मराठीत, सावकाशीने मांडायची संधी एरवी फारशी मिळत नाही.

सुरुवात पौलापासून करावी लागते. पौल हा पहिल्या काळातला प्रेषित, त्याची पत्रं बायबलमध्ये आहेत. इफिस शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की तारण कृपेने मिळतं. ते देवाचं दान आहे, कर्माचं फळ नाही, म्हणून कोणी त्याची फुशारकी मारू नये. तारण म्हणजे देव आणि माणूस यांच्यातलं तुटलेलं नातं पुन्हा जुळणं. ते जुळवण्याचं काम ख्रिस्ताने केलं, माणसाने ते फक्त विश्वासाने घ्यायचं, असा हा विचार आहे. इथेच थांबलं तर कोणीही म्हणेल, मग झालं की, आता कसंही वागा! पण पौल लगेच पुढच्या वाक्यात सांगतो की आपली घडणच चांगल्या कामांसाठी झाली आहे आणि ती कामं देवाने आधीच आपल्यापुढे मांडून ठेवली आहेत. म्हणजे सत्कर्मांना त्याने रद्द केलं नाही, फक्त त्यांची जागा बदलली. ती तारणाच्या आधी येत नाहीत, नंतर येतात.

समजा, एमवाय हॉस्पिटलमध्ये तुमच्या वडिलांना रक्त हवं होतं आणि कोणा अनोळखी माणसाने ते देऊन टाकलं. त्याचं नावही तुम्हाला माहीत नाही, परतफेड करायची सोय नाही. पुढे कधी रक्तदानाचं शिबिर लागलं की तुम्ही न बोलता रांगेत उभे राहता. वडील वाचावेत म्हणून नव्हे, ते तर आधीच वाचलेले आहेत. ख्रिस्ती माणसाच्या चांगुलपणामागचं कारण साधारण या जातीचं असतं, निदान असायला हवं.

या आधी-नंतरच्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातलं चर्च दुभंगलं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा आग्रह होता की तारण केवळ विश्वासाने मिळतं. कॅथलिक पक्षाला भीती होती की त्यामुळे लोक सत्कर्मं सोडून देतील. जवळजवळ पाचशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि ल्यूथरन (ल्यूथरच्या वाटेने गेलेल्या प्रोटेस्टंट) चर्चनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. कृपा आधी, कर्मं तिच्यातून उगवणारी, एवढ्या मुद्द्यावर आमचं एकमत आहे, असा त्याचा गाभा होता. २००६ मध्ये मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाची जागतिक परिषदही त्यात सामील झाली. इंदूरकरांना लाल चर्च आणि सफेद चर्च ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती माहीत असतात. त्यातलं एक कॅथलिक, दुसरं प्रोटेस्टंट. रोजच्या वागण्याबद्दल दोन्हीकडची शिकवण आज इतकी जवळ आहे की फरक शोधायला पाळकालाच विचारावं लागेल.

उलट बाजू बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात आहे आणि तो पौलाइतका मऊ बोलत नाही. तुमच्या भावाकडे अंगावर कपडा नाही, आजचं अन्न नाही, आणि तुम्ही त्याला "जा, सुखी राहा, ऊब घ्या, पोटभर खा" असं म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावलंत, तर काय उपयोग, असं तो विचारतो. असला विश्वास निर्जीव आहे, हा त्याचा निर्वाळा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या आजारपणाची बातमी आली की जोडलेल्या हातांची माळ लागते, तेव्हा मला याकोब आठवतो. त्या माळेतल्या किती जणांनी नंतर डबा पोचवला, हे विचारायची सोय नसते.

शेजारी म्हणजे नेमका कोण

"जशी आपणावर तशी शेजाऱ्यावर प्रीती कर" ही आज्ञा येशूची म्हणून सांगितली जाते. ती आहे त्याच्याही फार आधीची, बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. तो अध्याय मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण प्रीती म्हणजे काय ते तिथे फारच रोखठोक भाषेत सांगितलं आहे. पीक कापताना शेताचे कोपरे सोडा आणि पडलेली कणसं उचलू नका, ती गरीब आणि परके यांच्यासाठी आहेत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. वजनं-मापं खरी ठेवा. या सगळ्याच्या मधोमध ती प्रसिद्ध आज्ञा बसली आहे. बायबलमधलीच, परदेशातून आलेली विधवा रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवा वेचायला जाऊ शकली ती याच नियमाच्या आधारावर. आणि तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बवाजाने गड्यांना सांगून ठेवलं, की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम गाळत जा.

माळव्यात गव्हाचं शेत ज्यांच्या घरी आहे त्यांना हे लगेच कळेल. शहरातल्या आपल्यासाठी शेताचा कोपरा कोणता, हे ज्याचं त्याने शोधायचं. मला विचाराल तर कामाला येणाऱ्या बाईचा पगार एक तारखेला, तिने मागायच्या आत देणं हा त्या अध्यायाचा सगळ्यात सरळ अर्थ आहे. "अगं, एटीएममध्ये जायला वेळच झाला नाही" हे वाक्य आपल्याला किरकोळ वाटतं. तिला तेवढ्याच दिवसांसाठी किराणावाल्यापुढे तोंड लपवावं लागतं.

आता येशूची ती गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या, दहाव्या अध्यायात ती येते आणि बहुतेकांना ती अर्धीच माहीत असते. एक शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? प्रश्नात मेख आहे. शेजारी कोण हे एकदा ठरलं की कोण शेजारी नाही हेही ठरतं आणि तेवढ्यांपुरतं सुटता येतं. येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस लुटारूंच्या तावडीत सापडतो. ती वाट साधारण २७ किलोमीटरची. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, त्यामुळे हजार मीटरचा उतार, उघडे डोंगर, लपायला घळी. आपल्या मानपूरच्या घाटापेक्षा कठीण काम. त्या वाटेने आधी एक याजक जातो, मग एक लेवी. दोघेही मंदिरातल्या सेवेचे लोक. दोघेही जखमी माणसाला पाहतात आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून जातात. मग येतो एक शोमरोनी.

शोमरोनी म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परका नव्हे, वैरी. दोन्ही समाजांचा देव एक, मोशेचं नियमशास्त्र एक, पण भक्तीची जागा कोणती यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचा दावा. येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी यहुदी राजसत्तेने गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर पाडलेलं होतं. अशा माणसाच्या हातून येशूने मदत घडवली. त्यामुळे शेवटी "लुटल्या गेलेल्याचा शेजारी कोण झाला?" असं त्याने विचारल्यावर त्या शास्त्र्याला "शोमरोनी" हा शब्द उच्चारवेना. "ज्याने दया केली तो," एवढंच तो म्हणाला.

मला या गोष्टीतला बारीक तपशील जास्त आवडतो. शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर त्याला घालतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो. सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे तेव्हाची दोन दिवसांची मजुरी. जास्त खर्च आला तर परतताना देईन, असं सांगतो आणि आपल्या कामाला निघून जातो. त्याने प्रवास रद्द केला नाही, सगळं एकट्याने उरकायचा हट्टही धरला नाही. मदत करायची म्हणजे आयुष्य वाहून टाकायचं, या धास्तीने आपण कित्येकदा सुरुवातच करत नाही. या माणसाने एक रात्र दिली, थोडे पैसे दिले आणि उरलेलं काम ज्याचं होतं त्याच्यावर सोपवलं.

ही गोष्ट आज भारतीय कायद्यातही आहे. रस्त्यावर अपघात झाला की आपल्याकडे गर्दी जमते, मोबाइल वर होतात, पण हात लावायला कोणी धजत नाही. पोलीस, साक्ष, कोर्टाच्या तारखा यांची भीती. आग्रा-मुंबई रस्त्यावर राहणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. सद्‌हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने आपलं नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. कायद्यात त्या माणसाला "गुड समॅरिटन" असंच म्हटलं आहे, म्हणजे हाच चांगला शोमरोनी. हे कलम माहीत असणं ही देखील मदतच आहे, कारण अर्धे लोक निव्वळ अज्ञानामुळे मागे सरतात.

पेलाभर पाणी

मोठी कामं सगळ्यांना दिसतात. येशूने मात्र एका ठिकाणी फार लहान काम निवडलं: लहानांतल्या एकाला जो कोणी पेलाभर थंड पाणी देईल तो आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही. आता इथे काकू मला पकडतील, "बघा, प्रतिफळ आलंच की!" आलं खरं. पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं जे वर्णन आहे त्यात एक गंमत आहे. राजा म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही खायला दिलंत, तान्हेला होतो तेव्हा प्यायला दिलंत. त्यावर ती माणसं चकित होतात आणि विचारतात, आम्ही कधी दिलं? त्यांच्याकडे हिशेबाची वहीच नाही. बक्षीस त्यांनाच मिळतं ज्यांनी ते गृहीत धरलेलं नव्हतं.

पाण्याचं मोल इंदूरला कोणी शिकवायला नको. मे महिन्यात रस्तोरस्ती प्याऊ लागतात, लाल कपड्यात गुंडाळलेले माठ दिसतात, आणि ते लावणाऱ्यांत क्वचितच कोणी ख्रिस्ती असतो. अहिल्याबाईंनी विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या त्या त्यांच्या शिवभक्तीतून. चांगुलपणाचा मक्ता आमच्याकडे आहे असा दावा कोणी ख्रिस्ती माणूस करत असेल, तर त्याने शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचावी. तिथला नायक येशूच्या मंडळीतला नव्हताच.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आणखी एक टोचणारं वाक्य आहे. तुम्ही फक्त आपल्याच लोकांना नमस्कार केलात तर त्यात विशेष ते काय? नमस्कार! म्हणजे येशूच्या यादीत साधी ओळख दाखवणंही आहे. इंदूर २०१७ पासून देशातलं स्वच्छ शहर म्हणून ओळखलं जातं, त्याचा आपल्याला केवढा अभिमान. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, आपण डबे रिकामे करतो आणि आत वळतो. सफाईमित्राच्या तोंडाकडे किती जण पाहतात? फुटलेली काच उघडी टाकायची नाही, जाड कागदात गुंडाळून वर तसं लिहायचं. सॅनिटरी कचरा वेगळ्या पुडीत द्यायचा. यात भक्तीचा कुठे वास येत नाही, हे मान्य. पण त्या पिशवीत हात घालणारा माणूस डोळ्यांपुढे आणूनच ते करता येतं, आणि शेजाऱ्यावर प्रीती करायची तर सुरुवात इथूनच होते.

दान गुपचूप करावं, हा नियम आम्ही सगळ्यात जास्त मोडतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, असं येशूने सांगितलं आणि आम्ही पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवली. वॉर्डात केळी वाटतानाचे फोटो तर सर्वधर्मसमभावाचा उत्तम नमुना आहेत, त्यात कोणीच मागे नाही. एका केळ्याला चार हात लागलेले आणि खाटेवरचा माणूस तोंड फिरवून पडलेला.

या चांगुलपणात गळ आहे का?

म्हणजे मदत हे धर्मांतराचं आमिष आहे का? हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, म्हणून मीच काढते. मध्य प्रदेशात तो नुसता टपरीवरच्या गप्पांचा विषय नाही. राज्य सरकारने १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ मध्ये आला, १९६८ मध्ये धर्मांतरासंबंधीचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा, अधिक कडक कायदा आला. इंदूरमध्ये कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये आलं, डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये बायकांवर उपचार करायला आल्या, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. त्या काळच्या मिशनऱ्यांनी दवाखाना आणि शाळा यांच्याकडे सुवार्तेचं दार म्हणूनही पाहिलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच दवाखान्यांत हजारो बायाबापड्या बऱ्या होऊन आपापल्या देवाकडे परत गेल्या, हेही तितकंच खरं.

मला यातलं खरं माप लूकच्या सतराव्या अध्यायात दिसतं. दहा कुष्ठरोगी येशूला हाक मारतात, दहाही शुद्ध होतात. आभार मानायला परत येतो एकच, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. त्याला वाईट वाटलं असावं. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला, असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्या मदतीच्या पोटी अट आहे, जी समोरच्याने आपलं ऐकलं नाही तर परत घेता येते, ती या मापात बसत नाही. श्रद्धेबद्दल बोलू नये असं माझं म्हणणं नाही. कोणी विचारलं तर मोकळेपणाने सांगावं. फक्त औषधाची बाटली हातात धरून सांगू नये.

आता यातला सगळ्यात अवघड भाग. अनोळखी माणसाशी गोड वागणं त्या मानाने सोपं असतं. तो पाच मिनिटांत निघून जातो. घरातल्या सासूशी, ऑफिसमध्ये आपलं श्रेय पळवणाऱ्याशी, वाटणीचा दावा लावलेल्या भावाशी कसं वागायचं? पौल रोमच्या मंडळीला सांगतो, तुझा वैरी भुकेला असेल तर त्याला खायला घाल. हे ऐकायला छान आहे, करताना घशाशी येतं. इंदूरला याचं एक उदाहरण जवळचं आहे. कॅथलिक साध्वी सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात गरीब आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांची सख्खी बहीणही साध्वीच. तिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि पुढे २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी कॅथलिक चर्चने राणी मारियांना इंदूरमध्येच "धन्य" (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. हे रोजच्या चांगुलपणाचं उदाहरण नव्हे, ते फार वरचं आहे. मी ते सांगते कारण त्या घराण्याने क्षमेसाठी परंपरा शोधली ती राखीची. लोकांच्या हाताशी जे असतं त्यातूनच हे घडतं.

एक प्रश्न मात्र आमच्या मंडळीत अजून सुटलेला नाही. जो तुझ्याजवळ मागतो त्याला दे, असं येशू स्वच्छ सांगतो. आणि इंदूर जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावर गुन्हा दाखल करण्याचं ठरवलं. ज्येष्ठ मंडळी चिडली. प्रशासनाने आता दयेलाही दंड लावला का, असं त्यांचं म्हणणं. तरुण म्हणतात की सिग्नलवरच्या पोराला दिलेलं नाणं त्याला शाळेपासून दूरच ठेवतं, मग ही दया कोणावर? काही जण पौलाचं "काम करत नाही त्याने खाऊही नये" हे वचन काढतात. ते थेस्सलनीकातल्या अशा लोकांसाठी होतं, जे काम सोडून दुसऱ्यांच्या जिवावर बसून होते. अपंग म्हाताऱ्याच्या तोंडावर ते फेकणं मला पटत नाही.

प्रेषितांच्या पुस्तकात मंदिराच्या दाराशी बसलेला एक लंगडा भिकारी आहे. तो येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पैसे मागतो. पेत्राच्या खिशात काही नसतं, पण तो वाट बदलत नाही. आमच्याकडे पाहा, म्हणतो आणि त्याचा उजवा हात धरून त्याला उठवतो. पेत्राच्या हातून तो चालू लागला, तसा चमत्कार आपल्या हातून होणार नाही. पण रैनबसेऱ्यात (बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात) संध्याकाळी कोणीतरी जाऊन बसायला, कागदपत्रं भरून द्यायला, पेन्शनच्या खिडकीपर्यंत सोबत करायला माणसं लागतात, आणि त्यावर कुठलाही गुन्हा दाखल होत नाही. नाण्यापेक्षा यात वेळ जास्त जातो. बहुधा म्हणूनच आमच्या बैठकीत त्यासाठी नाव द्यायला ज्येष्ठही पुढे आले नाहीत आणि तरुणही.